आठ प्रश्नचिन्हं

शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर आमच्या मासिकाच्या संकेतस्थळावरचा पंधरा वर्षांचा मजकूर गेला. पुढच्या वेळा मी आमच्या व्हॉट्सॲप गटातल्या निरोपांवरून आणि सर्व्हरच्या नोंदींवरून लावल्या आहेत. मासिक कोणतं, हे सांगत नाही. त्या रात्रीच्या तीन निर्णयांपैकी दोन माझे होते, एवढं आधीच सांगते.

दुपारी ४:००. अनर्थाला पावणेदहा तास

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून आठवडा झाला होता. ३ ऑक्टोबरच्या त्या निर्णयानंतर आमच्या जुन्या लेखांकडे वाचकांची रीघ लागली होती. रतन टाटा गेल्याला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे अर्धं कार्यालय त्यांच्यावरच्या मजकुरात होतं. उरलेले आम्ही तिघं दसऱ्याच्या तयारीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संपूर्ण संग्रह नव्या मांडणीत खुला करायचा होता.

बैठकीत सरांनी एक साधी तक्रार मांडली. वाचक ‘छत्रपती संभाजीनगर’ असं शोधतो तेव्हा २०२३ च्या आधीचा एकही लेख सापडत नाही. तक्रार खरी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. अहमदनगरचं अहिल्यानगर तर त्याच पंधरवड्यात अधिकृत झालं होतं. “तिन्ही नावं सगळीकडे एकसारखी करून टाका,” सर म्हणाले. “एका रात्रीत होईल ना?”

“होईल सर,” मी म्हणाले. तो पहिला निर्णय.

अडचण शोधण्याची होती आणि इलाज आम्ही लिहिलेल्याचा केला. शोधयंत्राला सांगता आलं असतं की ही दोन नावं एकाच गावाची आहेत. लेखाखाली नव्या नावाची खूण जोडता आली असती. मजकुराला बोटही न लावता काम झालं असतं. हे त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण ‘फाइंड-रिप्लेस’ हा शब्द एव्हाना उच्चारला गेला होता आणि तो एकदा उच्चारला की काम फारच सोपं वाटायला लागतं.

५:३०. सव्वाआठ तास

तंत्र सांभाळणारा आमचा मुलगा (वय सव्वीस, कामाला वाघ) यादी घेऊन आला. डावीकडे तीन नावं, उजवीकडे तीन नावं. “ताई, शुद्धलेखन तेवढं तपासून द्या.”

मी तपासलं. ‘छत्रपती’मधला ‘ती’ दीर्घ आहे, ‘धाराशिव’मधला ‘शि’ ऱ्हस्व आहे. मी सही केल्यासारखा अंगठ्याचा इमोजी पाठवला. उजवी बाजू अक्षर न् अक्षर वाचली. डावीकडचे शब्द आमच्या संग्रहात कुठे कुठे, कशाकशाला चिकटून बसलेत, हे मात्र पाहिलं नाही. त्यासाठी साधा शोध पुरला असता. चार हजारांवर लेखांतून शंभर वाक्यं काढून वाचली असती, तर अर्ध्या तासात हात थांबला असता.

७:१०. साडेसहा तास

मी विचारलं, “बॅकअप आहे ना रे?”

“रोज रात्री दोन वाजता आपोआप होतो, ताई. हे बघा.” पडद्यावर आजच्या तारखेपुढे हिरवी खूण होती. फाइलचा आकारही ठीकठाक दिसत होता. जागा वाचवायला एकच प्रत ठेवली जायची. नवी आली की जुनी जायची. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब कंपनीची गोष्ट या क्षेत्रातल्या बहुतेकांना माहीत असते. रात्री उशिरा थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग एकेक बॅकअप पाहायला घेतला, तेव्हा कळलं की नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता, कारण तो घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. तो फसल्याच्या सूचना जायच्या, पण त्या ईमेल नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीने त्यांना वाचवलं. सगळा घटनाक्रम त्यांनी स्वतःच जगासमोर मांडला, म्हणून आपल्याला तो ठाऊक आहे. मी तो वाचला होता आणि तरीही हिरव्या खुणेवर विसावले. ती फाइल उघडून एक लेख वाचून बघायला पाच मिनिटं लागली असती.

१०:०५. पावणेचार तास

जेवणं झाली, वाचक कमी झाले, बदल चालवला. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये थेट आज्ञा: लेखांच्या तक्त्यात, त्यांच्या जोडमाहितीच्या तक्त्यात आणि रचनेच्या तक्त्यात. प्रत्यक्ष काहीही न बदलता काय काय बदलेल ते दाखवणारं साधन वर्डप्रेससाठी फुकट मिळतं. ते आमच्या त्या मुलाला माहीत होतं. पण आमच्या होस्टिंगवर ते बसवलेलं नव्हतं आणि सकाळी नऊची वेळ डोक्यावर होती. त्याने थेट आज्ञाच चालवली. तो दुसरा निर्णय.

सगळं काम अकरा सेकंदांत झालं.

१०:२०

मुखपृष्ठाच्या उजव्या बाजूची पट्टी गायब झाली. मग शीर्षपट्टी, मग लेखमालांच्या चौकटी. “ताई, रिफ्रेश करा.” केलं, तरी नाहीच.

मागची गोष्ट अशी. वर्डप्रेस आपल्या रचना साठवताना प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहून ठेवतं, आणि ती अक्षरांत नसते, बाइटांत असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘औरंगाबाद’मध्ये आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. ‘छत्रपती संभाजीनगर’ मधल्या मोकळ्या जागेसह ४९. आम्ही शब्द बदलला, पण पुढे लिहिलेला आकडा जुनाच राहिला. वाचणारा प्रोग्रॅम मोजलेल्या जागी पोचतो, तिथे अवतरणचिन्ह नसतं, आणि तो सगळी चौकटच रद्द समजतो. लांबीचं हे भान ठेवून बदल करणारी साधनं आहेत. आम्ही वापरलेली थेट आज्ञा त्यांतली नव्हती.

छायाचित्रांचंही तेच झालं. फायलींच्या नावांत ‘औरंगाबाद’ होतं. डेटाबेसमध्ये नाव बदललं, डिस्कवर फाइल जुन्याच नावाने बसलेली. पाणचक्कीच्या लेखातले सगळे फोटो गेले.

१०:४५. तीन तास

तो चौकटी दुरुस्त करत होता तेव्हा मी लेख उघडायला लागले. पहिलाच लेख मराठवाड्याच्या शहरांवरचा होता. त्यात मूळ वाक्य होतं की १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिलं. आता तिथे लिहिलं होतं की १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला छत्रपती संभाजीनगर हे नाव दिलं. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा. त्यांना १६८९ मध्ये हालहाल करून मारलं ते याच औरंगजेबाने. हे वाक्य आमच्या नावाखाली, एका अभ्यासू लेखकाच्या सहीने, जगाला दिसत होतं.

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि पुढचा लेख उघडला.

सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं, असं जिथे होतं तिथे आता ‘धाराशिवचं धाराशिव झालं’ असं होतं. मलिक अहमदने १४९४ मध्ये स्वतःच्या नावावरून वसवलेलं शहर ‘अहिल्यानगर’ झालं होतं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. सिराज औरंगाबादी या अठराव्या शतकातल्या उर्दू कवीला ‘सिराज छत्रपती संभाजीनगरी’ केलं होतं. शेळीपालनाच्या लेखात उस्मानाबादी या नोंदणीकृत जातीची ‘धाराशिवी’ शेळी झाली होती. बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही आम्ही बदलला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीवरच्या लेखातला औरंगाबाद मतदारसंघही गेला, आणि तिथे तर अधिकृत नाव त्या दिवशीही औरंगाबादच होतं. जुन्या खटल्यांच्या लेखांतलं औरंगाबाद खंडपीठ, ‘औरंगाबादकर’ आडनावाचे लेखक, त्यांच्या पुस्तकांची नावं, मृत माणसांची पत्रं, मुलाखतींतली अवतरणं, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं.

आणि मराठीचं व्याकरण. ‘औरंगाबादेत’ हे इतकं घरचं रूप. त्याचं ‘छत्रपती संभाजीनगरेत’ झालेलं. हे कोणी बोलत नाही, कोणी लिहीत नाही. नव्या नावाला ‘-मध्ये’ लागतं, नाहीतर त्याचं ‘-नगरात’ व्हावं लागतं. आपल्या भाषेत नाव सुटं राहत नाही, प्रत्ययाशी त्याचं नातं असतं, आणि एकाला उचललं की दुसरं लटकतं. मी वीस वर्षं मुद्रितशोधन करते. हे मला संध्याकाळी साडेपाचला कळायला हवं होतं.

काही लेखांत मात्र ‘औरंगाबाद’ तसंच उरलं होतं. आधी कळेना. मग लक्षात आलं की ते जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेले लेख होते. त्यांत ‘औ’ हे एक अक्षर नव्हतं, ‘अ’ला वेगळी मात्रा जोडून उभा केलेला होता. डोळ्याला सारखंच दिसतं, यंत्राला निराळं. म्हणजे एकसारखेपणासाठी एवढं केलं आणि तोही साधला नव्हता.

११:३०. सव्वादोन तास

“ताई, उलटं फिरवू का? नवं नाव शोधून जुनं टाकतो.”

ते करण्यासारखं राहिलं नव्हतं. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याने आणखी एक फेरी चालवली होती. काही लेखकांनी फार पूर्वीपासून, अगदी १९८८ पासून चाललेल्या मागणीला धरून, नुसतं ‘संभाजीनगर’ लिहिलं होतं. त्यांनाही पूर्ण नाव द्यायचं म्हणून ‘संभाजीनगर’च्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’. त्यामुळे जिथे तिथे ‘छत्रपती छत्रपती’ झालं. मग ती दुरुक्ती काढायला तिसरी फेरी. आता कोणी आग्रहाने ‘संभाजीनगर’ लिहिलं होतं, कोणी ‘औरंगाबाद’ आणि कोणी २०२३ नंतर पूर्ण नाव, हे ओळखायची एकही खूण उरली नव्हती. या तीन शब्दांतला फरक लेखकाची भूमिका असते. कुणाची कुठली, हे आम्ही पुसलं होतं.

लेखांच्या मागच्या आवृत्त्या? वर्डप्रेस त्या त्याच तक्त्यात ठेवतं. आज्ञा तक्त्यावर चालली, म्हणजे त्याही बदलल्या.

मध्यरात्र, १२:४०. एक तास

न्यू जर्सीहून एका वाचकाचा मेल आला. तिथे दुपार होती. त्यांनी औरंगजेबाच्या त्या वाक्याचा फोटो जोडला होता आणि खाली एकच ओळ: ‘हे तुम्ही जाणूनबुजून केलंत का?’

मी उत्तर लिहायला घेतलं आणि हात थरथरायला लागले. त्याच वेळी तो म्हणाला, “ताई, दोन वाजता बॅकअप चालेल. मग कालची प्रत जाईल, ही बिघडलेली त्या जागी बसेल.”

दोनचा तो आपोआप चालणारा बॅकअप बंद करायला एक बटण होतं. कालची फाइल दुसरीकडे उतरवून घेता आली असती. बिघडलेल्या डेटाबेसची, आहे तशी, एक प्रत काढता आली असती. त्या बिघडलेल्या मजकुरात नव्याण्णव टक्के शब्द शाबूत होते, हे आज मी शांतपणे लिहू शकते. तेव्हा मला तो सगळाच नासलेला वाटत होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं, तो लवकरात लवकर डोळ्यांसमोरून जावा असं वाटत होतं.

“कालचा बॅकअप चढव,” मी म्हणाले. “आत्ता. दोनच्या आत.”

“आधी याची एक प्रत—”

“वेळ नाही रे. चढव.”

तो तिसरा निर्णय, माझा दुसरा.

१:४७

अशा फाइलची सुरुवातच ‘जुना तक्ता असेल तर काढून टाक’ या आज्ञेने होते. ती चालली. एकेक तक्ता गेला, एकेक नवा आला. शेवटी ‘यशस्वी’ असा निरोप उमटला. मी पान उघडलं.

मथळ्याच्या जागी प्रश्नचिन्हं होती. खाली मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. परिच्छेद जागच्या जागी, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, तारखेच्या चौकटीतले इंग्रजी आकडे जागच्या जागी. मराठी अक्षर एकही नाही.

त्याने दुसरं पान उघडलं, तिसरं, दहावं. मग तो काहीच न बोलता जमिनीवर बसला.

बॅकअप घेणारी जुनी स्क्रिप्ट डेटाबेसशी लॅटिन-१ या अक्षरसंचात बोलत होती. त्या संचात युरोपीय अक्षरं आहेत, देवनागरी नाही. ज्या अक्षराला जागा नाही तिथे डेटाबेस एक प्रश्नचिन्ह देतो आणि पुढे जातो. याला तो चूक मानत नाही, म्हणून तक्रारही करत नाही. संकेतस्थळ इंग्रजी असतं तर तोच बॅकअप निर्दोष निघाला असता. आमच्याकडे रोज रात्री दोन वाजता, किती वर्षं कोण जाणे, लाखो प्रश्नचिन्हं जपून ठेवली जात होती आणि पुढे हिरवी खूण उमटत होती. चुकीच्या संचात वाचलेला मजकूर कधीकधी परत वळवता येतो. प्रश्नचिन्हाचं मात्र काहीच करता येत नाही, कारण ते कशाच्या जागी आलं हे त्याला माहीत नसतं. शहरांच्या लेखात मी ती जागा शोधून काढली. १६५३ हा आकडा आम्ही इंग्रजी अंकांत लिहिला होता, म्हणून तो वाचला होता. त्याच्या पुढे, ओळीच्या शेवटाकडे, आठ प्रश्नचिन्हं सलग.

पहाटे ४:००

हाताशी काय आहे, याची यादी. होस्टिंगवाल्यांकडे वेगळी प्रत नव्हती. ती सेवा आम्हीच घेतली नव्हती. गूगलने साठवलेली पानं दाखवणं त्याच वर्षी बंद केलं होतं. उरलं इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन. ते उघडेना. तीनच दिवसांपूर्वी, ९ ऑक्टोबरला, त्यांच्यावर हल्ला झाला होता, तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं होतं आणि त्यांनी सगळं बंद करून ठेवलं होतं. जगात ज्या एका ठिकाणी आमचा मजकूर असण्याची शक्यता होती ते त्याच आठवड्यात बंद असावं, हे मला कितीतरी वेळ खरं वाटलं नाही.

साडेपाचला त्याला आठवलं, की नव्या मांडणीचा पहिला प्रयोग त्याने आपल्या जुन्या लॅपटॉपवर केला होता. तो घरी जाऊन घेऊन आला. मार्च २०२३ ची पूर्ण प्रत त्यात होती. ‘औरंगाबाद’सह, ‘औरंगाबादेत’सह. त्याने ती उघडली आणि आम्ही दोघांनी मोठ्याने एक परिच्छेद वाचला.

सकाळी नऊला संग्रह खुला झाला नाही. रस्त्यावर झेंडूचे ढीग लागले होते. सरांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, “मार्चनंतरचं?”

मार्च २०२३ नंतरचे दीड वर्षांचे लेख आम्ही लेखकांच्या मेलमधून, छापील अंकाच्या फायलींतून, वाचकांनी पाठवलेल्या पानांच्या फोटोंतून परत उभे केले. दिवाळीपर्यंत बहुतेक जमले. एका लेखमालेचं मूळ मात्र कुठेच नव्हतं.

औरंगाबादच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणी, अकरा भाग. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. त्यांना दिसत नसे. फोनवर त्या सांगत आणि मी थेट संकेतस्थळाच्या चौकटीत टंकत असे. शहागंज, गुलमंडी, भडकल दरवाज्याजवळचं शाळेचं आवार, १९६० च्या दशकातलं. छापील अंकात ती मालिका गेली नव्हती. शेवटचा भाग जुलैत प्रसिद्ध झाला, ऑगस्टमध्ये बाई गेल्या.

१४ ऑक्टोबरला वेबॅक मशीन पुन्हा उघडलं, नुसतं वाचण्यापुरतं. मी पत्ता टाकला आणि एकेक भाग शोधला. सात मिळाले. चौथा, पाचवा, आठवा आणि दहावा यंत्राने कधी टिपलेच नव्हते.

त्यांच्या मुलीला फोन करायला मला आणखी चार दिवस लागले. सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आई तुम्हाला सांगायची तेव्हा मी शेजारीच बसलेली असायचे, ताई. शब्द न् शब्द नाही येणार. येईल तेवढं सांगते. आत्ता वेळ आहे का?”

मी वहीत लिहायला घेतलं, संगणकावर नाही.

“चौथा भाग ना? तो असा सुरू व्हायचा बघा,” त्या म्हणाल्या. “आमच्या औरंगाबादेत तेव्हा…”